पदवीनंतर पुढे काय?

(जुना जालना येथील बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण केले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यास कुणाच्या घरी वर्ष झाले असेल, तर कुणाच्या घरी चारच महिने. धम्माचा अर्थ सांगावयास येथे भन्तेजी आहेत. मी वकील आहे, आणि वकिलाने कागद, मुदत व हक्क यांविषयी बोलावे हेच बरे. माझा विषय एकच आहे. तुमच्या घरातील जो मुलगा वा जी मुलगी आज महाविद्यालयात शिकत आहे, जिच्या आधी तुमच्या कुळात कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, तिने पदवी मिळविल्यावर काय करावयाचे?

या प्रश्नास आपल्या वस्तीत बहुधा एकच उत्तर मिळते. मुलगा बी. ए. झाला, पेढे वाटले, पदवीच्या कागदाला चौकट करून ती बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी टांगली, आणि पंधरा दिवसांनी तो मुलगा लोखंडी सळईच्या कारखान्यात रात्रपाळीस उभा राहिला. श्रमात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी मोंढ्यात पोती वाहूनच ही मुले शिकविली आहेत. परंतु त्याच मुलाच्या वर्गात, त्याच बाकावर, प्राध्यापकाचा एखादा मुलगा बसत होता. तो आज हैदराबादच्या किंवा दिल्लीच्या विद्यापीठात एम. ए. करीत आहे. दोघांच्या गुणांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते एका वार्तेचे. त्या विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज पदवीचा निकाल लागण्यापूर्वी कित्येक महिने आधीच भरून घेतले जातात, ही वार्ता एका घरात जेवताना सहज बोलली गेली आणि दुसऱ्या घरात ती कधी पोहोचलीच नाही. निकाल हाती आल्यावर आपण चौकशीस निघतो, तेव्हा दार बंद झालेले असते.

यावर कोणी म्हणेल, बाबासाहेबांना कोणी वार्ता दिली होती? ते स्वतःच्या बुद्धीने मोठे झाले. हे म्हणणे खरे आहे, परंतु अपुरे आहे, आणि या अपुरेपणामुळे आपल्या मुलांचे नुकसान होते. म्हणून बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे आपण जरा वकिलाच्या नजरेने पाहू.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ही भेट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु केळुसकर गुरुजींनी पुढे केलेले काम आपण विसरतो. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपण होऊन ओळख करून घेतली होती. पुढे शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपेना, तेव्हा गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१३ साली बडोदे संस्थानाने कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली ती करारावर. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा तो करार होता. १९१६ साली बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा कोलंबियाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे परिचयपत्र लिहून दिले.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. त्यांनी काय केले? विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी आधी मिळविली, आणि मगच बोट धरली. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी. चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तो सुधारून त्यांनी पुन्हा सादर केला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. एक अर्ज नाकारला गेला म्हणून पुस्तके बांधून ठेवणाऱ्या आपल्या मुलांना हा भाग अवश्य सांगावा.

या हकीकतीत बुद्धी व कष्ट बाबासाहेबांचे होते. परंतु ओळख करून देणारा, पत्र लिहिणारा, पैसा उभा करणारा आणि मुदत सांभाळण्याचा व्यवहार, हे सारेही होते. ज्या घरात पिढीजात शिक्षण आहे, तेथे हे सर्व काका-मामांकडून मिळते. आपल्या घरी ते मिळत नाही. मग ते विहाराने द्यावे, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मराठवाड्यातील आपल्या मागच्या पिढ्यांनी तर महाविद्यालयही जवळ पाहिले नव्हते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यातील तालुका होता. विद्यापीठ म्हणावे तर हैदराबादला, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया, आणि तेथील शिक्षण उर्दूतून. शेताच्या बांधावरून उठून कोण तेथवर जाणार? १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० साली तिचे महाविद्यालय औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सुरू झाले. त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा तो मिलिंद, आणि उत्तर देणारा भिक्षू नागसेन. म्हणून महाविद्यालय मिलिंद आणि परिसर नागसेनवन. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली आले, आणि त्यास बाबासाहेबांचे नाव लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या नावासाठी किती घरे जळली, हे मराठवाड्यातील माणसास मी सांगावयास नको.

आता कागदांकडे वळतो. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण नवदीक्षितांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते.

१९५० सालच्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्माच्या व्यक्तीस अनुसूचित जातीचा मानले जाणार नाही, अशी अट होती. १९५६ साली शीख धर्मीयांना त्यात घेतले. त्याच वर्षी नागपुरास लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्यांना मात्र केंद्र सरकारच्या सवलतींना मुकावे लागले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचे दार १९९० च्या दुरुस्तीने उघडले. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या माणसांपुढे धम्म की सवलत असा पेच होता, आणि त्यांनी धम्म सोडला नाही. आज तो पेच राहिलेला नाही. अनुसूचित जातीतील जो मनुष्य बौद्ध होतो, त्याचा हक्क कायम राहतो. (याच जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली, अस्पृश्य मानलेल्या कित्येक कुटुंबांनी तेथे आसरा घेतला. त्यांच्या वंशजांना हा हक्क अजूनही मिळालेला नाही. कायद्याने दिलेले आणि न दिलेले असे दोन्ही नमुने एका गावाच्या शिवारात सापडावेत, हे पाहण्यासारखे आहे.)

परंतु कायम राहिलेला हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो. दीक्षा घेतल्यावर उत्साहाने आपण मुलाच्या शाळेत जातो आणि सांगतो, जातीच्या रकान्यात बौद्ध लिहा, जुने नाव काढून टाका. ही भावना मला समजते. ज्या नावाने आपणांस पाणवठ्यावरून हाकलले, ते नाव पुन्हा का लिहावे? त्याचे कायदेशीर उत्तर असे की, सवलत ही कोणाच्या श्रद्धेस दिलेली नाही. ती अस्पृश्यतेने जे लुबाडले त्याच्या भरपाईसाठी आहे, आणि भरपाई मागणाऱ्याने कोणती इजा झाली ते नमूद करावे लागते. धर्माच्या रकान्यात बौद्ध हेच लिहावे, अभिमानाने लिहावे. मूळ जातीची नोंद मात्र पुसू नये. केंद्रीय विद्यापीठात प्रवेश घेताना केंद्र सरकारच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो आणि अनुसूचीत जातींची नावे आहेत. नुसता नवबौद्ध हा शब्द तेथे पुरत नाही. राज्याच्या नियमांतही अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी दाखल्याचा वेगळा नमुना आहे. दोन्ही नमुने काढून ठेवावे.

पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आपले आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा उत्तम. गेले नसतील, आणि बहुतेकांचे गेलेले नाहीत, तर गावच्या महसुली दप्तरात शोधावे. खासरा पत्रक, पहाणी पत्रक, इनामाच्या नोंदी यांत महारकीच्या जमिनीचा उल्लेख सापडू शकतो. निजामाच्या काळातील हे दप्तर पुष्कळसे उर्दूत आहे. त्याचे भाषांतर करून घ्यावे लागते, आणि उर्दू वाचणारे जाणकार दरवर्षी कमी होत आहेत. वडील, चुलते, सख्खा भाऊ अशा पितृपक्षाच्या रक्ताच्या नात्यातील कोणास वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर तो फार मोठा पुरावा आहे. म्हणून एका भावाने फाईल केली की तिची प्रत सर्व भावकीने ठेवावी. भावकीत बोलचाल बंद असेल, तर तेवढ्यापुरती ती सुरू करावी.

आणखी एक. दीक्षेनंतर कोणी नाव बदलतो, आडनाव बदलतो. बदलावयास हरकत नाही; परंतु राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. आधारपत्रावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे, असे प्रकार माझ्या टेबलावर नेहमी येतात. परीक्षेत वरचा क्रमांक मिळविलेल्या विद्यार्थ्याची जागा एका वेलांटीपायी जाताना मी पाहिली आहे.

आता तयारी. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू व्हावी, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नव्हे. कोणत्या विषयासाठी कोणती परीक्षा, हे आधी ठरवावे. केंद्रीय विद्यापीठांतील एम. ए., एम. कॉम. आणि बहुतेक एम. एस्सी. साठी २०२२ पासून सीयूईटी-पीजी ही सामायिक परीक्षा आहे; तिचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. आयआयटीतील एम. एस्सी. साठी जॅम, अभियांत्रिकीच्या पुढील शिक्षणासाठी गेट. या दोन्ही फेब्रुवारीत, म्हणजे अर्ज त्याआधीच्या पावसाळ्याअखेरीस. राष्ट्रीय विधि विद्यापीठांतील एल. एल. एम. साठी क्लॅट, ती आता डिसेंबरात होते. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी शेकडा १५ जागा राखीव असतात. त्यांपैकी एकही जागा तुमच्या मुलाने अर्ज न भरल्यामुळे रिकामी जाऊ नये.

इंग्रजीची भीती हा आपल्याकडील मोठा रोग आहे. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा स्वतःस मठ्ठ समजू लागतो. इंग्रजी हा बुद्धीचा पुरावा नव्हे. ते एक हत्यार आहे आणि रोज हाताळल्याने हातात बसते. आपल्या विषयाच्या इंग्रजी पुस्तकाचे दररोज एक पान मोठ्याने वाचावे, त्याचा गोषवारा चार ओळींत स्वतःच्या इंग्रजीत लिहावा. दोन वर्षे हे केल्यास सातशे पाने होतात. महागड्या शिकवणीपेक्षा मला हा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो.

काही संस्था अर्जासोबत हेतुपत्र मागतात. आपण हा विषय का शिकू इच्छिता, ते त्यात लिहावयाचे असते. आपली मुले त्यात गरिबीचे वर्णन करून थांबतात. गरिबी लिहावी, लाजू नये, परंतु निवड करणाऱ्यास तुमच्या मनातील प्रश्न पाहावयाचा असतो. आणि प्रश्नांची आपल्याकडे वाण आहे काय? या जिल्ह्यात संकरित बियाण्यांच्या प्लॉटवर हाताने परागीकरण करणाऱ्या बाया आहेत; त्यांच्या मजुरीचा दर कोण ठरवितो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबातील मुलांची शाळा कोणत्या महिन्यात सुटते, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर ती का होत नाही, हा माझ्या कायद्याचा प्रश्न आहे. ज्या मुलीने आईबरोबर प्लॉटवर काम केले, तिच्याइतका हा विषय पुस्तकातून वाचणाऱ्यास कळणार नाही. तिने तेच लिहावे.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांनी विद्यार्थ्यास ओळखले पाहिजे. आपली मुले मागच्या बाकावर बसतात, तास संपला की निघून जातात, आणि तिसऱ्या वर्षी पत्र मागावयास गेली की सर विचारतात, तू कोणत्या वर्गात होतास? दुसऱ्या वर्षापासून दोन प्राध्यापकांकडे शंका घेऊन जाण्याचा परिपाठ ठेवावा.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास राज्याची स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरात शिकणाऱ्यास वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत आणि लहान ठिकाणी त्याहून कमी रक्कम मिळते. ही रक्कम पुष्कळदा उशिरा येते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांच्या जेवणा-भाड्याची तजवीज घरातून करावीच लागेल. संशोधनासाठी नेटच्या गुणांवर मिळणारी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टी संस्थेचीही आहे.

परदेशी जावयाचे असल्यास केंद्राच्या योजनेत १२५ जागा आहेत, पैकी ११५ अनुसूचित जातींच्या. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज योजनेत ७५. केंद्राच्या योजनेबद्दल दोन गोष्टी बोललेच पाहिजे. २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो विषय घेऊन आज कोणी या शिष्यवृत्तीसाठी गेला, तर या नियमाखाली अर्ज बाद होईल. आणि २०२५ साली निवड झालेल्या १०६ जणांपैकी प्रारंभी फक्त ४० जणांना पत्रे देण्यात आली, उरलेल्यांना निधीची वाट पाहण्यास सांगितले गेले. तेव्हा एकाच योजनेवर विसंबू नका, आणि या नियमाविरुद्ध संसदेच्या सभासदांना निवेदने पाठविण्यासही विसरू नका.

माता-भगिनींनो, आता तुमच्याशी. मुलगी पदवीधर झाली की स्थळे पाहावयाची, हा जुन्या धर्माचा रिवाज आपल्याबरोबर विहारात शिरला आहे. बौद्ध विवाहविधीस फुले, मेणबत्ती आणि पांढरे वस्त्र यांपलीकडे काही लागत नाही. मग मंडप, बँड आणि हजार पानांचे जेवण यांचे कर्ज कशासाठी? त्या कर्जाच्या दहाव्या हिश्श्यात तिच्या पाच परीक्षांचे अर्ज, प्रवास आणि पुस्तके होतात. परगावी मुलगी एकटी कशी राहील, ही तुमची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मुलांविषयीही ती भीती आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला याने आयुष्य संपविले, हे आपण जाणतो. मोठ्या विद्यापीठात जात संपत नाही. ती मवाळ आवाजात बोलते एवढेच. म्हणून मुलास पाठवावयाचेच नाही, असे नव्हे. त्याला एकटे पाठवू नये. तेथील आंबेडकरी विद्यार्थी संघटनेतील कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक जाण्यापूर्वी मिळवावा. दर आठवड्यास घरून फोन जावा, आणि त्यात गुण किती पडले हा पहिला प्रश्न नसावा. अपमान झाल्यास तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवावे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा विद्यापीठाच्या फाटकाशी थांबत नाही.

हे काम इतरत्र सुरू झाले आहे. वर्ध्यास अनुप कुमार यांची नालंदा अकादमी आहे. विदर्भातील खेड्यांतली, पहिल्यांदाच शिकणारी मुले तेथे राहून प्रवेशपरीक्षांची तयारी करतात. यवतमाळकडे राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य संस्था हेच काम करते. आपल्यास आरंभी इमारत नको, निधी नको. या विहाराची मागची खोली संध्याकाळी सहा ते दहा मोकळी असते. तेथे एक टेबल, दोन दिवे, इंटरनेट आणि भिंतीवर परीक्षांच्या तारखांचा एक मोठा तक्ता एवढे पुरे. जो बाहेर शिकावयास गेला, त्याने सुट्टीत येऊन खालच्या दोघांचे अर्ज भरून द्यावे. जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम परीक्षा-शुल्कासाठी बाजूस काढावी; मिरवणुकीत एक ध्वनिक्षेपक कमी लागला तर बाबासाहेबांच्या स्मृतीचा अवमान होत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी पदवीच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी आहे, त्यांनी त्यास बरोबर आणावे. येताना त्याचा व वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, दोघांचे जातीचे दाखले, आजोबांच्या नावचा सापडेल तो जुना कागद, उत्पन्नाचा दाखला आणि आतापर्यंतच्या गुणपत्रिका आणाव्या. प्रत्येकाच्या दोन प्रती काढून आणाव्या आणि मूळ कागद तपासून झाले की लगेच परत घेऊन जावे. ते माझ्याकडेही ठेवू नयेत.